मैदानासाठी टर्फ निवडताना: लांब धागा की आखूड, रबर की कॉर्क?

टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताची, निवड बहुतेक वेळा नमुन्याच्या तुकड्यावरच फसते. हातभर तुकडा समोर येतो, आपण बोटं फिरवतो आणि मऊ लागला की पसंत करतो. पण तो तुकडा रिकामा असतो. मैदानात धाग्यांमध्ये वाळू आणि रबराचे दाणे भरलेले असतात आणि पायाला तेच लागतात. म्हणून भराव घातलेलाच नमुना मागा, बूट घालून त्यावर उभे राहा आणि टाच गर्रकन वळवून बघा.

धाग्याची उंची खेळावर ठरते. फुटबॉलला साधारण 40 ते 60 मिलिमीटर लागते, कारण बुटाच्या तळाचे खुंट (स्टड) भरावात रुतले पाहिजेत आणि वेळेवर सुटलेही पाहिजेत. हॉकीचं उलट. 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर रुजला. त्याला आखूड, दाट, बिनभरावाचा टर्फ लागतो आणि चेंडू झरझर पळावा म्हणून त्यावर पाणी मारतात. दोन्ही खेळ एकाच मैदानावर हवे असतील तर मधल्या उंचीचा, वाळू भरलेला टर्फ घेतात. हॉकीचा सराव त्यावर नीट होतो. फुटबॉलमध्ये मात्र घसरून चेंडू काढायला गेलं की मांडीची कातडी सोलवटते. फुटबॉलच मुख्य असेल तर ही तडजोड मी करणार नाही.

धागा पॉलिथिलीनचाच घ्या. नायलॉन चिवट असतो, पण अंगाला खरखरीत लागतो.

खरा पेच भरावाचा आहे. जुन्या टायरांचे काळे दाणे स्वस्त, टिकाऊ आणि उसळीला चांगले. पण भर उन्हात असं मैदान 60 अंश सेल्सिअसच्याही वर तापतं. हाताचा तळवा टेकवत नाही. शिवाय दाणे बुटामोज्यांतून घरी जातात, पावसाबरोबर गटारात जातात. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा भरावाच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. ती 2031 पासून लागू होईल. कॉर्क बराच कमी तापतो, पण हलका असल्याने मुसळधार पावसात तरंगून एका कोपऱ्यात जमतो आणि झिजतोही, त्यामुळे वरचेवर भर घालावी लागते. निचरा चोख असेल तर माझी पसंती कॉर्कला. पाणी तुंबत असेल तर आधी निचऱ्यावर खर्च करा.

पैसे कमी पडले तर कात्री शॉकपॅडला, म्हणजे टर्फखालच्या धक्के झेलणाऱ्या मऊ थराला, लावू नका. गुडघे आणि घोटे त्याच्याच भरवशावर असतात. चांगला पॅड टर्फ बदलल्यावरही दुसऱ्या टर्फखाली चालतो.

ठरवण्याआधी त्याच टर्फचं चार-पाच वर्षं वापरलेलं मैदान बघा. मधोमध उभे राहू नका, पेनल्टीच्या ठिपक्यापाशी जा. तिथे धागे झोपलेत का, दाणे किती उरलेत ते बोटांनी चाचपा आणि ब्रश किती दिवसांनी फिरवतात, हे तिथल्या देखभालीच्या माणसालाच विचारा.