सेसना १७२ चा केबिन एअर नॉब तुटला, मग मॅकफार्लेनचं नवीन कंट्रोल बसवलं: माझा रिव्ह्यू

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो: घ्या, पाचपैकी पाच. जुन्या सेसनाचा (छोटं खाजगी विमान) केबिन एअरचा, म्हणजे आत हवा घ्यायचा नॉब तुटला असेल तर नुसता नॉब शोधत बसू नका, मागच्या वायरसकट पूर्ण कंट्रोल बदला, आणि एफएएची (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक) मान्यता असलेला पार्टच घ्या. का ते खाली सविस्तर लिहिलंय, कारण आमच्या चौघा पार्टनरांमध्ये यावरून बराच वाद झाला आणि मला वाटतं जुनं विमान शेअरमध्ये चालवणाऱ्या सगळ्यांकडेच तो कधी ना कधी होणार.

विमान १९७८ चं १७२एन, १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, डॅलसच्या उत्तरेला एका छोट्या एअरपोर्टवर असतं. पॅनलच्या उजव्या बाजूला खाली दोन ओढायचे नॉब आहेत, एक केबिन हीट आणि एक केबिन एअर. केबिन एअर बाहेर ओढला की फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) उजव्या बाजूचं हवेचं दार उघडतं आणि बाहेरची हवा पायाशी येते, हीट ओढला की एक्झॉस्ट मफलरभोवतीच्या आवरणात तापलेली हवा त्यात मिसळते. विंडशील्डच्या वरच्या कोपऱ्यातले ओढायचे व्हेंट वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. तर यातला केबिन एअरचा नॉब मानेपासून तुटला, प्लास्टिक ४० वर्षांहून जास्त उन्हात भाजून बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं, आणि मागे उरली नुसती रॉडची टोकदार कांडी. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये रॅम्पवर (विमानं उभी करतात ती जागा) ३८ डिग्री असताना ती कांडी बोटांनी ओढता येत नाही, म्हणून एक पार्टनर सीटच्या खिशात छोटी पक्कड ठेवायला लागला. तिथून वाद सुरू.

त्याचं म्हणणं, हवा तर येतेय ना, वरचे व्हेंट आहेत, खिडकी आहे, कशाला खर्च. माझं म्हणणं एवढंच होतं की जरा हँडबुक उघडून इमर्जन्सीचं पान बघा. १७२एन च्या हँडबुकात उडताना इंजिनला आग लागली तर मिक्स्चर (इंजिनला इंधन किती जातं ते ठरवणारं कंट्रोल), फ्युएल, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद केल्यावर पुढचीच ओळ आहे केबिन हीट आणि एअर बंद, वरचे व्हेंट सोडून. इलेक्ट्रिकल आग लागली तर व्हेंट, एअर, हीट सगळंच बंद करायचं, मग अग्निशामक वापरायचा, आणि बंद केबिनमध्ये तो मारल्यावर आग विझली की परत हवा खेळती करायची. आणि मफलरला तडा जाऊन कार्बन मोनॉक्साइड आत आला तर उलटं, हीट बंद आणि ताजी हवा पूर्ण उघडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हे सगळ्यांना माहितीय. म्हणजे हा नॉब धुरात न बघता, एका हाताने, आत आणि बाहेर दोन्हीकडे जायला पाहिजे, त्या वेळी पक्कड कोण शोधणार? ती दोन पानं वाचल्यावर खर्चाचा विषय संपला, नंतरचा वाद फक्त कुठला पार्ट घ्यायचा यावर होता.

पहिला पर्याय इपॉक्सीने चिकटवणे. आमच्या मेकॅनिकनी तो लगेच बाद केला, आणि त्यांनी जे कारण दिलं ते मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटलं. ते म्हणाले नॉब का तुटला ते आधी बघू. त्यांनी कांडी पक्कडीत धरून माझ्या हातात दिली आणि ओढायला सांगितलं, खूप जोर लागत होता. आत एक कडक पोलादी वायर असते, ती गुंडाळलेल्या धातूच्या नळीतून पुढेमागे सरकते, आणि त्या नळीत इतक्या वर्षांचा गंज आणि धूळ बसलेली. म्हणजे प्लास्टिक म्हातारं झालं हे खरं, पण मोडलं ते जड वायर ओढून ओढून. नवा नॉब चिकटवला असता तर तो पण काही दिवसांनी हातात आला असता. शिवाय आमच्या विमानात नॉब आणि रॉड एकत्रच येतात, सुटा नॉब बदलायची सोयच नाही.

दुसरा पर्याय थ्रीडी प्रिंट. याबद्दल मला नावं ठेवायची नाहीत, अमेरिकेच्या नियमात मालकाने स्वतःच्या विमानासाठी पार्ट बनवून घेण्याची तरतूद आहे, पण त्यात डिझाइन, मटेरियल, क्वालिटी याची जबाबदारी मालकाची, नुसतं घरी प्रिंट मारला असं नाही चालत. आणि घरच्या प्रिंटरवर बहुतेक लोक जे पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात ते ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात बंद उभ्या विमानात पॅनलवर हात ठेवून बघा मग कळेल. जळताना ते प्लास्टिक कसं वागेल हा प्रश्न वेगळाच.

तिसरा, भंगारातल्या विमानाचा जुना पार्ट. हा आम्ही खरंच मागवला, स्वस्त होता. एका विक्रेत्याने १७२ चा म्हणून पाठवला, बघतो तर नळीची लांबी वेगळी, कुठल्या सिरियल नंबरच्या विमानातून काढला याचा कागद नाही, आणि वायर आमच्यापेक्षा जास्त गंजलेली. परत पाठवला, पैसे मिळाले पण पाठवायचा खर्च आमचा. जुने पार्ट सगळे वाईट असतात असं नाही, दरवाजे, फेअरिंग (बाहेरची आवरणं), ट्रिम यासाठी आम्ही घेतो आणि घेत राहू, पण जी वस्तू झिजूनच मोडते ती तेवढीच झिजलेली दुसऱ्याकडून घेण्यात अर्थ नाही.

मग घेतलं मॅकफार्लेन एव्हिएशनचं नवीन कंट्रोल. ही कॅन्ससमधल्या बाल्डविन सिटीची कंपनी, सेसनाचं गाव विचिटा पण त्याच राज्यात. जुन्या विमानांच्या थ्रॉटल, मिक्स्चर, हीट वगैरेच्या केबल हे त्यांचं मुख्य काम, आणि पार्ट एफएए-पीएमए मान्यतेचे असतात. पीएमए म्हणजे सेसनाने बनवलेला नाही पण एफएएने डिझाइन आणि उत्पादन दोन्ही तपासून त्या ठराविक मॉडेलवर बसवायला मान्यता दिलेली आहे, म्हणून मेकॅनिकला लॉगबुकात सही करताना अडचण येत नाही. ऑर्डर करताना फक्त १९७८ चं १७२ असं सांगून भागत नाही हां, मॉडेलच्या अक्षरासकट सिरियल नंबर द्या, आणि जुनं कंट्रोल काढून नळीची लांबी मोजून जुळवून बघा. सेसना वर्षाच्या मधेच डिझाइन बदलायची.

पार्ट हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते सरकणं. जुन्याची सवय झालेल्या हाताला हा एवढा हलका लागतो की आधी मला वाटलं आत काही अडकलेलंच नाहीये. नॉब रॉडवर घट्ट, जराही डुगडुगत नाही. दिसायला जुन्यासारखाच साधा काळा, पॅनलमध्ये नवीन काही बसवलंय असं कळत पण नाही, मला ते आवडलं.

बसवायचं काम आमच्या मेकॅनिकनी केलं, मी टॉर्च धरून खाली आडवा. मालक-पायलटला स्वतः करायच्या कामांची यादी एफएएने दिलीय, तेल बदलणे, टायर, स्पार्क प्लग साफ करणे, सीट आणि आतल्या सजावटीची दुरुस्ती वगैरे, पण त्या सजावटीच्या कलमातच अट आहे की चालू सिस्टिमला हात लागता कामा नये, आणि हे कंट्रोल तर सरळ सिस्टिमचाच भाग. त्यामुळे सहीचा अधिकार असणाऱ्याकडूनच करून घ्या.

करताना त्यांनी ज्या गोष्टी दाखवल्या त्या लिहून ठेवतो, कारण कोणी बसवून देत असेल तर तुम्ही बघू तरी शकाल. जुनी केबल पुढून ओढून काढायच्या आधी तिच्या मागच्या टोकाला दोरी बांधली, म्हणजे ती निघताना दोरी त्याच वाटेने आत राहते आणि नवी त्याच वाटेने नेता येते. पॅनलमागचा नट आणि वॉशर नव्या केबलच्या टोकाकडून आधी ओवून घ्यावा लागतो, कारण नॉब काही भोकातून जाणार नाही. नळीचा क्लॅम्प हवेच्या दाराजवळ घट्ट पाहिजे, तो ढिला राहिला तर ओढल्यावर वायरऐवजी अख्खी नळी हलते आणि दार अर्धंच उघडतं. नॉब पूर्ण आत ढकलल्यावर पॅनलपासून किंचित जागा उरली पाहिजे, साधारण ३ मिलिमीटर, तरच खात्री की दार आधी पूर्ण बंद झालं आणि नॉब पॅनलला टेकून अडला नाही. ही जागा मी आधी कधी लक्ष देऊन बघितलीच नव्हती, आता दुसऱ्यांच्या विमानात बसलो तरी नजर तिथे जाते. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, पुढेमागे पूर्ण नेऊन पॅनलखाली बघितलं की नवी केबल कुठे घासत नाही ना, अडकत नाही ना. हत्यारं मोजली, जुने नट-वॉशर मोजले, मग लॉगबुक.

पैशांचं बोलायचं तर पार्टपेक्षा मजुरी जास्त झाली, पॅनलखाली आडवं पडून करायचं काम आहे ते, लागतोच वेळ. चौघांत वाटल्यावर काही वाटलं नाही. एकट्या मालकाला जड वाटेल, त्यांनी ॲन्युअलच्या (वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीच्या) वेळी करून घ्या, तेव्हा सीट आणि पॅनेल तसेही उघडलेले असतात.

बारामतीला, धुळ्याला जी मुलंमुली जुन्या सेसनावर ट्रेनिंग घेतायत त्यांनी वर लिहिलेले अमेरिकेचे नियम जसेच्या तसे धरू नका, तिकडे डीजीसीएचे (भारताचं विमान वाहतूक नियामक) नियम लागतात आणि तुमचे एएमई (लायसन्सवाले विमान मेकॅनिक) सांगतील तेच बरोबर. पण नॉब जड लागत असेल, डुगडुगत असेल तर तसं लिहून द्या, तुटायची वाट बघू नका. प्रीफ्लाइटमध्ये (उडण्याआधीच्या तपासणीत) दोन्ही नॉब एकदा पूर्ण आत-बाहेर करून बघायला दोन सेकंद लागतात आणि हे कोणी करताना मला फार दिसत नाही.

बसवल्यापासून सगळा उन्हाळा उडवलं, नॉब एका बोटाने येतो, दार पूर्ण उघडतं आणि बंद केल्यावर पायाशी हवा अजिबात येत नाही, जी आधी थंडीत सतत यायची आणि आम्ही दाराच्या सीलला दोष द्यायचो. पक्कडवाला पार्टनर आता स्वतःच म्हणतोय की शेजारचा केबिन हीटचा नॉब पण तेवढ्याच वयाचा आहे, ओढायला पण जडच, तर तो पुढच्या ॲन्युअलला बदलायचं ठरलंय, याच कंपनीचा, ऑर्डर गेलीय.