पॉड्सची बाटली, आर्टेमियाची अंडी आणि जित्याचीच खोड असलेला मासा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू माशाला खायला घालायच्या बारीक जिवंत कोपेपॉड्सच्या, म्हणजे पॉड्सच्या, २५० मिलीच्या बाटलीचा आहे. ती मी आत्तापर्यंत तीनदा मागवली, एकदा मस्त आली, एकदा बरी आली आणि एकदा मेलेली आली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण तिसऱ्या वेळी चूक त्याची, कुरियरची की मे महिन्याची हे आमच्यात अजून ठरलेलं नाहीये.

पण बाटली का लागली ते कळायला आधी मासा कळायला हवा. आमच्याकडे डोंबिवलीत दोनशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात दोन क्लाउनफिश आणि एक गोबी अगदी सुखात होते, काय टाकाल ते खायचे. गेल्या वर्षी नवरा कुर्ल्याला फक्त फिल्टरचा स्पंज आणायला गेला आणि येताना पिशवीत मँडरीन नावाचा मासा घेऊन आला. दिसायला काय सांगू, पैठणीच्या पदरावर कोणी निळी-केशरी नक्षी काढावी तसा. आणि तो निळा खरा निळा बरं का, म्हणजे बहुतेक प्राण्यांमधला निळा हा प्रकाशाची करामत असतो, ह्याच्या कातडीत मात्र निळं रंगद्रव्य असलेल्या पेशीच असतात. अंगावर खवलं नाहीत, नुसता बुळबुळीत चिकट थर. दुकानदाराला विचारलं होतं म्हणे, खातो काय, तर तो म्हणाला, 'सब खाता है साहब.'

कसलं सब! पहिले चार दिवस पेलेट टाकले, हा बघायला पण तयार नाही. फ्रोझन मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखा जीव, टाकला, तो नाकासमोरून वाहत गेला, हा एक डोळा फिरवून खडकामागे. फ्रोझन ब्राइन श्रिम्पचीही तीच गत. आमच्या मुलीला भेंडी नको असते तेव्हा ती निदान तोंड वाकडं तरी करते, हा तेवढीही दखल घेत नाही. आठव्या दिवशी त्याचं पोट खपाटीला गेलेलं दिसायला लागलं, वरून बघितलं की पाठीच्या दोन्ही बाजूंना खळगे, तेव्हा मी घाबरले आणि रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

तर प्रकार असा आहे. मँडरीन मूळचा पश्चिम पॅसिफिकचा, फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या प्रवाळांतला. तिथे तो दिवसभर खडकांवरून टुणटुण उड्या मारत हिंडतो आणि एकेक बारीक जिवंत जीव टिपतो, मुख्यतः कोपेपॉड्स, म्हणजे डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे कवचधारी किडे. हलणारं ते अन्न, न हलणारं ते कचरा, असा त्याचा साधा हिशोब आहे. ह्याला खरोखर जित्याचीच खोड. त्यात आतडं आखूड, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा जेवण असलं काही चालत नाही, सारखं चरत राहायला लागतं. अमेरिकेत वगैरे टँकमध्येच जन्मलेले मँडरीन मिळतात, त्यांना लहानपणापासून फ्रोझनची सवय लावलेली असते. आमच्या वाट्याला समुद्रातून पकडलेला आला.

मग बाटली मागवली. पहिली आली जानेवारीत, थर्माकोलच्या डब्यात, दोन दिवसांत. पॅकिंग एक नंबर, ह्याचे पूर्ण मार्क. बाटली हलवून टॉर्च मारला की आत लालसर ठिपके झटके देत पळताना दिसत होते. तीन जातींचं मिश्रण होतं, त्यातला टिग्रिओपस मोठा आणि लाल, तो माशाला पटकन दिसतो, तर टिस्बे बारीक आणि फिकट, तो फटींत लपतो. नवरा म्हणाला लाल वाले जास्त असते तर बरं झालं असतं, पण मला वाटतं उलटं आहे. लाल वाले दोन दिवसांत फस्त होतात, टँकमध्ये वंश वाढवतो तो टिस्बे. घेताना टिस्बे आहे का ते जरूर विचारा, नुसते लाल असतील तर ती एका जेवणाची पार्टी आहे.

टाकायची पद्धत त्यांनी लेबलवर नीट लिहिली होती आणि ती पाळा. बाटली अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, दिवे बंद झाल्यावर पंप थांबवायचे आणि खडकांच्या फटींजवळ पिपेटने हळूहळू सोडायचं. मी पहिल्यांदा उत्साहात भर दुपारी ओतली, दोन्ही क्लाउनफिशनी अर्धी बाटली हवेतल्या हवेत, सॉरी, पाण्यातल्या पाण्यात झेलली.

आता खरी तक्रार, आणि ही बाटलीपेक्षा तिच्या जाहिरातीची आहे. लेबलवर लिहिलंय तीन हजारांहून जास्त पॉड्स. ऐकायला डोंगराएवढं वाटतं. मी एका रविवारी चहा घेऊन टँकसमोर बसले आणि मोजलं, हा पठ्ठ्या मिनिटाला आठ-दहा टोचे मारतो. दिवे दहा तास चालू असतात. त्यातले निम्मे टोचे वाया गेले धरले तरी अडीच-तीन हजार होतात की! म्हणजे नऊशे रुपयांची बाटली हा ह्याचा एका दिवसाचा डबा. त्यामुळे 'एक बाटली, महिनाभराचं अन्न' ही जी ओळ ते छापतात ती काढून टाकावी. ही बाटली म्हणजे विरजण आहे. दुधात घालून दही लावायचं असतं, चमच्याने विरजणच खात बसलात तर घर बुडेल.

दही लावायला आम्ही टँकच्या मागे लटकवायचा एक छोटा डबा घेतला, त्यात चेटोचा गुंता टाकला, हिरव्या दोऱ्यांसारखं शेवाळ असतं ते, आणि दुसरी बाटली पूर्ण त्या डब्यात सोडली. तिथे मासे नाहीत, त्यामुळे पॉड्स निवांत वाढतात आणि थोडे थोडे पाण्याबरोबर टँकमध्ये येत राहतात. ह्यात दोन-तीन महिने गेले. आता रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतात, तो आनंद वेगळाच असतो, सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, 'अगं, काचेला किडे लागलेत, पुसून काढ आधी.'

ते दोन-तीन महिने मासा जगला तो आर्टेमियाच्या, म्हणजे ब्राइन श्रिम्पच्या, अंड्यांतून काढलेल्या जिवंत पिल्लांवर, म्हणून त्यांचाही रिव्ह्यू इथेच उरकते. डबीतली तपकिरी पूड दिसते ती खरंतर सुकी अंडी असतात, एका ग्रॅममध्ये दोन लाखांच्या आसपास. कोकची बाटली उलटी कापून घेतली, लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, बुडाशी एअर पंपची नळी, वर दिवा, पाव चमचा अंडी. आपल्याकडच्या हवेत हीटर लागत नाही, २५ ते २८ अंशांत चोवीस तासांत केशरी धूर निघाल्यासारखी पिल्लं बाहेर येतात, फक्त जानेवारीत ती दीड दिवस घेतात. मग हवा बंद करायची, टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली बसतात, बुडाला टॉर्च लावला की उजेडाकडे गोळा होतात, ती नळीने ओढून घ्यायची. हे दहा मिनिटांत आटपा, हवा नसताना जास्त वेळ ठेवलं तर मरतात. मऊ सुती रुमालातून गाळून साध्या पाण्याने धुवायची आणि टरफलं शक्यतो येऊ द्यायची नाहीत, ती पचत नाहीत.

आणि ताजीच द्या. पिल्लांच्या पोटात अंड्यातलं बलक असतं तोवर ती पौष्टिक, एक दिवस उलटला की नुसती साल. उरली तर फ्रीजमध्ये ठेवते, थंडीत ती सुस्तावतात, दुसऱ्या दिवशी सकाळी चालतात. श्रावणात आमच्या घरात मासे-मटण बंद असतं, पण फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी ही वाटी असायचीच, त्यावरून जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

एक अडचण मात्र राहिली, की पिल्लं टँकमध्ये सोडली की क्लाउनफिश आधी पोचतात आणि मँडरीन आपला विचार करत बसतो. त्यावर उपाय म्हणजे लोणच्याची छोटी काचेची बरणी. झाकणाला हा आत शिरेल एवढं भोक पाडलं, बरणी वाळूवर आडवी ठेवली आणि पातळ नळीने पिल्लं आत सोडली. क्लाउनफिश बाहेरून काचेला टोचत राहतात. मँडरीन तिसऱ्या दिवशी आत गेला आणि बाहेर आला तेव्हा पोट टम्म! आता नळी दिसली की आधीच जाऊन दाराशी बसतो. सात महिने झाले, पाठीचे खळगे भरले आणि गेल्या महिन्यात बरणीत मिसळलेला एक मेलेला मायसिस त्याने गिळला, मी ओरडलेच. नंतर परत नाही खाल्ला.

आता ती तिसरी बाटली. मेमध्ये मागवली, शुक्रवारी निघाली, रविवार मध्ये आला आणि मंगळवारी दुपारी पोचली. उघडली तर सडक्या अंड्याचा वास, पाणी गढूळ, टॉर्च मारला तर एक हलेल तर शपथ. अशी बाटली चुकूनही टँकमध्ये ओतू नका, अख्खं पाणी बिघडेल. व्हिडिओ पाठवला, तर त्यांचं म्हणणं की बाटली हातात आल्यापासून दोन तासांत पाठवायला हवा होता, मी ऑफिसमधून आल्यावर पाठवला. शेवटी अर्धे पैसे परत मिळाले, तेही चार फोन केल्यावर. बोलायला माणूस गोड आहे, पण नियम पार्सलवर ठळक छापायला काय जातं?

मार्क द्यायचे तर माल पाचपैकी चार, पॅकिंग पाच, जाहिरात एक, आणि तक्रार केल्यावरची वागणूक अडीच. नवीन टँकवाल्यांनी बाटलीच्या भरवशावर मँडरीन आणू नका, टँक निदान वर्षभर मुरलेला असू द्या, आणि टँकमध्ये सिक्सलाइन रास नावाचा मासा असेल तर अजिबात नको, तोही हेच पॉड्स टिपतो आणि ह्याच्यापेक्षा दसपट चपळ आहे.

मी चौथी बाटली मागवणार आहे, पण दिवाळीनंतर, आणि ऑर्डर सोमवारी सकाळी टाकणार म्हणजे रविवार मध्ये येणार नाही.