सपाट मॉनिटर, चष्म्याविना थ्रीडी की व्हीआर?

एक डोळा मिटा आणि दोन्ही हातांतल्या पेन्सिलींची टोकं एकमेकांना टेकवून पाहा. बहुतेक वेळा नेम चुकतो. दोन्ही डोळे उघडले की सहज जमतं. आपल्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली, म्हणजे कोणती वस्तू किती लांब आहे ते, ओळखतो. पण हे कसब हाताच्या टप्प्यात सगळ्यात धारदार असतं, लांबवर झपाट्याने बोथट होतं. म्हणून गेमिंगसाठी साधा मॉनिटर, थ्रीडी मॉनिटर की व्हीआर (डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा हेडसेट) हे ठरवताना, खरेदीआधी पाहायचं ते एवढंच, की तुमच्या गेममधला खेळ किती जवळ घडतो.

शूटर, म्हणजे नेमबाजीचे गेम, खेळत असाल तर खुशाल सपाट मॉनिटर घ्या. शत्रू लांब असतो आणि सावल्या, आडोसा, कॅमेरा हलताना जवळच्या गोष्टींचं भरभर सरकणं यांवरून अंतर पुरेसं कळतं. थ्रीडीत मात्र ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक दृश्य दोनदा काढावं लागतं, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, पडतो. शिवाय नेमाची फुली पडद्याच्या पातळीवर आणि शत्रू त्याच्या मागे, असं बऱ्याच गेममध्ये होतं. शत्रूकडे पाहिलं की फुल्या दोन दिसतात! रँक्ड, म्हणजे क्रमवारीसाठीच्या, सामन्यात हे परवडणारं नाही.

चष्म्याविना थ्रीडी घराघरांत नेलं ते निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलने, २०११ साली. पडद्यावरच्या बारीक उभ्या पट्ट्यांच्या अडसरामुळे प्रत्येक डोळ्याला ४०० बाय २४० पिक्सेलचं आपापलं चित्र मिळायचं. डोकं जरा कलंडलं की ते फाटायचं. २०१४च्या नव्या मॉडेलने समोरच्या कॅमेऱ्याने चेहऱ्याचा माग घेऊन हा त्रास बराच कमी केला. सॅमसंगचा ओडिसी थ्रीडी मॉनिटरही तसाच डोळ्यांचा माग घेतो. चित्र देखणं दिसतं, पण थ्रीडी एका वेळी एकालाच. तुमचे आवडते गेम त्यात चालतात का, याची यादी आधी तपासा. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या शटर चष्म्यांचे (डावी-उजवी काच आळीपाळीने झाकून थ्रीडी दाखवणारे) जुने संच स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, २०१९मध्येच नव्या ड्रायव्हरमधून त्यांचा आधार काढला गेला.

माझं मत व्हीआरकडे झुकतं, कारण तिथे डोकंही कामाला येतं. प्लेस्टेशन व्हीआर२ हेडसेटवर ग्रान टुरिस्मो ७ हा कार शर्यतीचा गेम खेळताना मान पुढे काढून वळणाचा आतला कोपरा न्याहाळता येतो. टेबल टेनिसमध्ये तर चेंडू हाताच्या टप्प्यातच असतो, तिथे खोलीचं सोनं होतं. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटमध्ये भिंगांमधलं अंतर चक्राने ५८ ते ७१ मिलिमीटर करता येतं. चष्म्याच्या दुकानात पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजून घ्या आणि तेवढंच लावा. चुकीच्या मापाने चित्र धूसर होतं, डोळे शिणतात.

थोडा शीण थ्रीडी मॉनिटर आणि व्हीआर दोन्हींत येतोच. डोळे जवळच्या वस्तूकडे वळतात, फोकस मात्र एकाच ठरलेल्या अंतरावर धरून ठेवावा लागतो. सुरुवातीला छोट्या बैठका खेळा.

लहानपणापासून तिरळेपणा किंवा एक डोळा आळशी असेल, तर थ्रीडी मॉनिटरवर पैसे घालू नका, फारसं हाती लागणार नाही. व्हीआरमध्ये डोकं हलवून मिळणारी खोली तुम्हालाही मिळते. घेण्याआधी कुणाचा तरी हेडसेट लावून पाहा.