पहिलं रोमन चांदीचं नाणं: डिनेरियस घ्यावा की अँटोनिनियानस?

रोमन सम्राटांची चांदी जमवायला सुरुवात करायची म्हटली की गाडी शेवटी या दोन नाण्यांवर येते, एक पहिल्या शतकातला डिनेरियस नाहीतर तिसऱ्या शतकातला अँटोनिनियानस. डिनेरियस म्हणजे रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं, आणि अँटोनिनियानस हे त्यानंतर आलेलं, त्याहून मोठ्या किमतीचं. मी लंडनला राहतो, इथल्या नाण्यांच्या मेळाव्यात हातात घेऊन बघता येतं, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत दोन्ही घेतलेत.

डिनेरियसची ओढ मला पूर्ण कळते. ऑगस्टसच्या वेळचा डिनेरियस म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदी, वजन चार ग्रॅमच्या आसपास, नीरोने ६४ साली वजन आणि शुद्धता दोन्ही उतरवली तरी नंतरचाही चांगलाच म्हणायचा. शिवाय ऑगस्टस आणि टायबेरियसचे डिनेरियस आपल्याकडे दक्षिणेत, विशेषतः कोइंबतूरच्या बाजूला, ढिगाने सापडलेत, मिऱ्यांच्या व्यापारातून आलेले. तसलं नाणं हातात धरलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

पण मला खरा त्रास झाला तो सम्राट व्हेस्पाशियनच्या डिनेरियसने. नव्वद पौंड दिले, चेहरा छान होता, तो जाड मानेचा म्हातारा लगेच ओळखू येतो, म्हणून घेतला. घरी आल्यावर साल लावायला बसलो. व्हेस्पाशियन कितव्यांदा कॉन्सल (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद) झाला तो आकडा त्याच्या बऱ्याच नाण्यांवर असतो आणि त्यावरून साल निघतं, म्हणजे सातव्यांदा असेल तर ७६, पण माझ्या नाण्यावर नेमका तोच आकडा चकतीच्या बाहेर गेलेला, आणि मागची बसलेली बाई इतकी घासलेली की हातात काय धरलंय तेच दिसत नाही, मग भिंग घेऊन दोन-तीन रात्री दिव्याखाली तिरकं धरून बघितलं, कॅटलॉग चाळला, तरी दोन-तीन शक्यतांपुढे गाडी सरकेना. ही नाणी पिढ्यान्‌पिढ्या बाजारात फिरली, त्यामुळे आपल्या खिशाला परवडणारी बहुतेक अशीच घासलेली असतात. अक्षरं स्पष्ट असलेला हवा असेल तर भाव कुठल्या कुठे जातो.

अँटोनिनियानसचं उलटं आहे. सम्राट काराकालाने २१५ मध्ये तो काढला, किंमत दोन डिनेरियसची असं मानतात पण चांदी दीडपटच, आणि पुढे ती घसरतच गेली. गॉर्डियन तिसऱ्याच्या वेळेला चांदी निम्म्याहून कमी. पण याचा आपल्यासारख्यांना फायदाच झाला असं मला वाटतं, कारण पुढची नाणी आणखी हलकी निघाल्यावर लोकांनी ही जरा बरी नाणी पुरून ठेवली, मग धामधूम इतकी झाली की काढायला कोणी परत आलंच नाही. फार फिरलीच नाहीत ती. माझा गॉर्डियन पंचेचाळीस पौंडांचा, किरणांच्या मुकुटातला कोवळा पोरगा, तेराव्या वर्षी सम्राट झालेला, आणि दोन्ही बाजूंचं अक्षर न्‌ अक्षर वाचता येतं. चकतीच मोठी, त्यामुळे लेखाला जागा असते.

मग पुढचा सम्राट फिलिप. २४८ मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून त्याने खेळ भरवले आणि नाण्यांवर प्राणी काढले, सिंह आहे, लांडगी आहे, आणि त्याच्या बायकोच्या, ओटासिलियाच्या नाण्यावर चक्क पाणघोडा! त्याच्या पायाखाली टांकसाळीच्या चौथ्या विभागाचा आकडासुद्धा असतो. व्हेस्पाशियनसोबत तेवढ्या रात्री घालवल्यावर तो आकडा एका नजरेत वाचता आला तेव्हा काय बरं वाटलं.

आता, ज्याला पहिले बारा सीझर, म्हणजे ज्युलियस सीझरपासूनचे बारा राज्यकर्ते, पूर्ण करायचेत त्याला डिनेरियसवाचून गत्यंतर नाही, आणि शुद्ध चांदीच हवी असेल तरी तोच घ्यावा. आणि अँटोनिनियानस घेताना २६० च्या पुढे शक्यतो जाऊ नका, सम्राट गॅलिएनसच्या शेवटच्या वर्षांतली नाणी म्हणजे तांब्यावर चांदीचा पातळ हात, फोटोत चमकतात आणि हातात तपकिरी निघतात.

बाकी ज्याला नाणं वाचायची हौस आहे त्याने माझ्या मते गॉर्डियनपासून सुरुवात करावी. पाणघोडा मात्र लगेच नको, तो महाग पडतो. आधी तीन-चार गॉर्डियन हाताळा, काठ बघायची सवय लागली की बनावट माल ओळखणं बरंच सोपं जातं.