रॉक चकर सुप्रीम प्रेस आणि सोबतची साधने: घरी काडतुसे भरण्याचा काही महिन्यांचा अनुभव

ओहायोतील घराच्या तळघरात काही महिने .३०८ विंचेस्टर मापाची रायफलची काडतुसे भरल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. या छंदात प्रेस, म्हणजे काडतुसे जुळवण्याचे तरफेचे यंत्र, साधा आणि संथ असला तरी चालतो. वजनाचा काटा, कॅलिपर (बारीक लांबी मोजण्याचे साधन) आणि मापके यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. नवीन माणसाचे लक्ष नेमके उलट दिशेला जाते, कारण दुकानात प्रेसच सर्वांत मोठा आणि देखणा दिसतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा, दारू पेटवणारा प्रायमर, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी तेवढी शिल्लक राहते आणि काडतुसाचा सर्वांत महाग भाग बहुधा तीच असते. ती स्वच्छ करून, पुन्हा मापात आणून उरलेले तीन भाग नव्याने घालणे म्हणजे रीलोडिंग. पुंगळीचा प्रायमर बॉक्सर पद्धतीचा असावा लागतो, म्हणजे बुडाशी मध्यभागी एकच छिद्र असते आणि जुना प्रायमर साध्या सुईने बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत दोन छिद्रे बाजूला असल्यामुळे ते जमत नाही. ज्यांच्या नावाने या पद्धती ओळखल्या जातात त्यांतला बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकी. तरीही अमेरिकेने बॉक्सरची रचना स्वीकारली आणि युरोपातील सैन्यांनी बर्डनची, याचे मला अजूनही नवल वाटते.

मी निवडलेला रॉक चकर सुप्रीम हा आरसीबीएस कंपनीचा ओतीव लोखंडी, एका वेळी एकच काम करणारा प्रेस आहे. लांब तरफ खाली ओढली की दट्ट्या पुंगळीला वर नेऊन डायमध्ये, म्हणजे वर बसवलेल्या साच्यात, शिरवतो. डायचे आटे सात-अष्टमांश इंच, चौदा धाग्यांचे असतात आणि हे माप बहुतेक कंपन्यांनी स्वीकारलेले असल्यामुळे कोणाचाही डाय कोणाच्याही प्रेसवर चढतो. एवढ्या वापरात दट्ट्यात कुठेही ढिलेपणा आलेला नाही. मात्र हा प्रेस नुसत्या टेबलाला आवळून भागत नाही. पुंगळी मापात आणताना तरफेवर बराच जोर येतो, म्हणून जाड लाकडी फळीचे बाक भिंतीला जखडून घ्यावे लागले.

एका वेळी एकच काम होत असल्यामुळे काडतुसे सावकाश तयार होतात, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो संथपणाच मला मोलाचा वाटतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये तरफेच्या प्रत्येक फेरीला एक पूर्ण काडतूस बाहेर पडते. पण त्या वेळी तीन-चार ठिकाणी वेगवेगळी कामे एकदम चाललेली असतात आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी सरावलेली नजर लागते. पिस्तुलाच्या काडतुसात दारूचे प्रमाण इतके थोडे असते की चुकून दुप्पट दारू पडली तरी ती पुंगळीत मावून जाते आणि कळतही नाही. .३०८ मध्ये नेहमीच्या रायफलच्या दारूचे माप पुंगळी जवळपास भरूनच टाकते, त्यामुळे दुप्पट दारू ओसंडून सांडते. सुरुवात रायफलच्या काडतुसाने करावी असे मी म्हणतो त्यामागे हे एक कारण आहे.

डायविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. निमुळत्या गळ्याची रायफलची पुंगळी डायमध्ये घालण्यापूर्वी तिला वंगण लावावेच लागते. ते विसरल्यास पुंगळी आत अशी अडकते की बुडाला छिद्र पाडून, स्क्रू घालून खेचावी लागते. उलट वंगण जास्त झाले तर ते खांद्याशी साचून पितळेत खळगे पाडते. सरळ भिंतीच्या पिस्तूल-पुंगळ्यांसाठी कार्बाइड डाय मिळतात आणि त्यांना वंगण लागत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा डाय किती खाली आणावा हा आहे. सोबतच्या पत्रकाप्रमाणे तो शेलहोल्डरला (दट्ट्यावरील पुंगळी धरणाऱ्या खाचेला) टेकवला तर पुंगळीचा खांदा, म्हणजे गळ्याखालचा उतार, गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जाऊ शकतो. मग प्रत्येक बाराला पितळ ताणले जाते आणि काही वापरांनंतर बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे उमटते. तिथे भिंत पातळ झालेली असते आणि पुढच्या बाराला पुंगळी तुटून दोन तुकडे होऊ शकतात. कंपॅरेटर नावाचे छोटे मापक कॅलिपरला लावून खांदा इंचाचे दोन-सहस्रांश एवढाच मागे नेला की पुंगळीचे आयुष्य स्पष्टपणे वाढते. वाकवलेली बारीक तार आत फिरवून तो पातळ पट्टा बोटांना जाणवतो का, हे मी दर वेळी पाहतो.

लांबीही मोजावी लागते. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि कापल्यानंतर ती २.००५ इंच ठेवतात. लांब झालेली पुंगळी चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) टोकाला टेकून गोळीला आवळून धरते आणि दाब धोकादायक वाढतो.

आता काट्याविषयी. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. मी प्रथम घेतलेला स्वस्त डिजिटल काटा, ज्याच्या कंपनीचे नाव इथे घेत नाही, अर्ध्या तासात शून्यावरून सरकत असे आणि वातानुकूलन सुरू झाले की आकडे नाचत. आता जुन्या पद्धतीचा दांडीचा काटा वापरतो आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी प्रमाणित वजनांनी तो तपासतो. मी वापरतो त्या व्हार्गेट दारूचे कण बारीक काड्यांसारखे असल्यामुळे दारू मोजून ओतणाऱ्या साधनाच्या फिरत्या ढोलात ते कापले जातात आणि माप थोडे मागेपुढे होते. म्हणून ढोलातून किंचित कमी दारू घ्यायची आणि उरलेली ट्रिकलर नावाच्या छोट्या नळीने एकेक कण टाकत पूर्ण करायची, हेच मला पटले आहे. सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, विजेरीच्या प्रकाशात प्रत्येकीतील दारूची पातळी पाहिल्याशिवाय एकही गोळी बसवत नाही.

दारूचे प्रमाण मी येथे मुद्दाम देत नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यावे, किमान मापापासून सुरुवात करावी आणि हळूहळू वर जावे. बाकावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, कारण दोन वेगळ्या दारू डोळ्यांना सारख्याच दिसू शकतात.

पैसे वाचतात का, असे मला अनेकांनी विचारले. ९ मिलिमीटरच्या साध्या सरावाच्या काडतुसांत बचत फारच किरकोळ आहे. अचूक नेमबाजीच्या रायफल-काडतुसांत ती खरी आहे, पण साधनांचा खर्च वसूल व्हायला बराच काळ लागतो. मला मिळालेला खरा लाभ एकसारखेपणाचा आहे. माझ्याच रायफलीसाठी जुळवलेल्या काडतुसांनी १०० यार्डांवरील छिद्रे पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जवळजवळ पडू लागली.

आरोग्याची बाब दुर्लक्षू नये. प्रायमरमध्ये शिशाची संयुगे असतात आणि कोरड्या पॉलिशिंगची धूळ शिसे घेऊनच उडते. मी पाणी आणि स्टीलच्या बारीक पिनांनी ओले पॉलिशिंग करतो, प्रायमर बसवताना चष्मा घालतो, बाकाजवळ काही खात नाही आणि उठल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात धुतो.

कायद्याविषयी आपल्या लोकांनी विशेष जपावे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा हे लेखन तिथे करून पाहण्यासाठी नाही. अमेरिकेतही एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला काही मोजके अपवाद वगळता बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, परंतु विक्रीसाठी भरायची तर उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. राज्याचे नियम वेगळे तपासावेत.

माझ्या प्रत्येक डबीवर दारूचे नाव व लॉट, प्रमाण, प्रायमर, गोळी आणि पुंगळी कितव्यांदा वापरली हे लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेल्या डबीतील काडतूस मी झाडत नाही, दुसऱ्याने भरलेले माझ्या रायफलीत घालत नाही आणि माझे कोणालाही देत नाही.