डार्क रोमान्स: एकच जोडी की दर भागात नवी?

डार्क रोमान्सची, म्हणजे क्रूर नायक, हिंसा, जबरदस्ती असलेल्या प्रेमकादंबऱ्यांची मालिका वाचायची ठरवली, पण एकाच जोडीची तीन-चार भाग चालणारी घ्यावी की दर भागात नवी जोडी असलेली, इथे बरेच जण अडतात. मुखपृष्ठावरचं 'काळीज पिळवटणारी' वगैरे सोडून द्या; ते दोन्हींवर असतं.

ओढ जास्त कशात? एकाच जोडीच्या मालिकेत, निःसंशय. पहिला भाग बहुधा ऐन विश्वासघातावर तोडलेला असतो आणि पुढचा हाती येईपर्यंत जीव टांगणीला. नायकाचं क्रौर्य लगेच माफ होत नाही. त्याच्या पश्चात्तापाला शेकडो पानं मिळतात, म्हणून तो पटतो. दुसऱ्या प्रकारात हाच प्रवास एका पुस्तकात उरकावा लागतो. शेवटच्या काही पानांत माफी, मिठी, लग्न! मला तरी ते पचत नाही.

रेंगाळण्याचा धोका मात्र पहिल्या प्रकारातच. मधल्या भागात तोच गैरसमज पुन्हा उगाळला जातो. दुसऱ्यात कुठेही थांबता येतं.

हिंसा, जबरदस्ती यांची सुरुवातीला दिलेली सूचना दोन्हींत वाचावीच. नवी जोडी असेल तर नको तो भाग सरळ गाळता येतो. एकाच जोडीत ती सोय नाही.

सगळे भाग आलेले असतील, सलग वेळ असेल आणि रडायची तयारी असेल, तर एकच जोडी. झोपण्यापूर्वी थोडं वाचणाऱ्यांनी किंवा या प्रकारात नव्याने शिरणाऱ्यांनी दर भागात नवी जोडी घ्यावी.