स्मृतिग्रंथासाठी कॅनन लाइड ३०० : कुठे पुरतो, कुठे अडतो

माजी विद्यार्थी संघ दिवंगत सभासदांचा स्मृतिग्रंथ काढायला घेतो तेव्हा लेख कोण लिहिणार याची चिंता पहिल्या बैठकीपासून असते. फोटो आणि कॉलेजचे जुने वार्षिकांक मात्र छपाईच्या तोंडावर आठवतात. मग ट्यूबलाइटची चमक आलेले मोबाइलचे फोटो छापखान्यात जातात आणि ज्याने आयुष्यभर धरणं बांधली त्याचा चेहरा पानावर ओळखूही येत नाही. हे टाळायला कॅनन लाइड ३०० हा ए४ आकाराचा, यूएसबीच्या एका केबलवर चालणारा पातळ स्कॅनर पुरेल का? सुट्या फोटोंना आणि कागदपत्रांना उत्तम पुरतो. बांधीव अंकांना नाही.

याचं कारण त्याच्या रचनेत आहे. यात सीआयएस (कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर) जातीचा, म्हणजे चित्र टिपणारा पट्टीसारखा सेन्सर आहे. तो काचेच्या अगदी खालून सरकतो आणि काचेला चिकटलेलं तेवढंच स्पष्ट टिपतो. काचेपासून दोन-चार मिलीमीटर उचललेला भाग धूसर येतो. पासपोर्ट फोटो, सेवानिवृत्तीचा आदेश, पदवीचं प्रमाणपत्र हे सपाट पडतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. वीस वर्षांचे अंक एकत्र बांधलेल्या जाड खंडात मात्र शिवणीकडच्या ओळी उचललेल्या राहतात आणि नेमकी तिथली अक्षरं जातात. खंड दाबून सपाट करू नये. जुना कागद ठिसूळ झालेला असतो आणि शिवण एकदा उसवली की पानं सुटतात. अशा खंडांसाठी वरून धरलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आणि खाली आधाराला उशी हाच मार्ग बरा.

ग्रुप फोटोत मात्र या यंत्राचं चीज होतं. कित्येक दिवंगतांचा तरुणपणीचा फोटो घरात नसतो, तो फक्त वसतिगृहाच्या किंवा जिमखान्याच्या ग्रुप फोटोत असतो. तिथला चेहरा जेमतेम ८ मिलीमीटरचा. पुस्तकात तो अडीच सेंटीमीटर रुंद छापायचा तर ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) छपाईला साधारण २९५ पिक्सेल लागतात. हा फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर चेहऱ्याला ९५ पिक्सेल मिळतात, ६०० ला १९०, १२०० ला ३८०. म्हणून ग्रुप फोटोला १२०० हवेच. यंत्र २४०० पर्यंत जातं, पण १२०० च्या पुढे बहुतेक वेळा फोटोच्या कागदाचे कण मोठे होतात, चेहरा नाही. पूर्ण ए४ रंगीत पान १२०० ला ४०० एमबीच्या वर जातं. तेव्हा आधी सगळा फोटो ६०० ला घ्यावा (ए४ ला सुमारे १०० एमबी) आणि हवे ते चेहरे तेवढा भाग निवडून १२०० ला.

ग्रुप फोटो पुष्कळदा ए४ पेक्षा मोठा असतो आणि जाड कार्डावर चिकटवलेला असतो. तो तुकड्या-तुकड्यांत घ्यावा, प्रत्येक तुकड्यात शेजारचा निदान पाव भाग पुन्हा यावा. इथे एक चूक हमखास होते. कॅननच्या आयजे स्कॅन युटिलिटी या प्रोग्रॅममधलं ‘ऑटो’ बटण दाबलं की प्रत्येक तुकड्याचा उजेड वेगळा ठरतो आणि जोडल्यावर मधोमध पट्टा दिसतो. त्याऐवजी स्कॅनगिअर ही हाताने सेटिंग करायची खिडकी उघडून रंगाची आपोआप होणारी दुरुस्ती बंद करावी आणि सगळे तुकडे एकाच सेटिंगवर घ्यावेत. कार्ड बाकदार झालं असेल तर झाकण दाबण्याऐवजी वर एक सपाट पुस्तक ठेवावं, तेही हलकं.

कार्डाच्या खालची नावांची पट्टी कधीही कापू नये. चेहरा कोणाचा याचा पुरावा तीच. ‘बसलेले’, ‘उभे – पहिली रांग’ अशी नावं डावीकडून लिहिलेली असतात आणि पुष्कळदा त्यांतच ‘गैरहजर’ म्हणून एखादं नाव घुसलेलं असतं. ते न पाहता मोजलं की पुढचे सगळे चेहरे एका नावाने सरकतात. चेहरे आणि नावं दोन्हींची मोजदाद जुळल्याशिवाय कोणाचाही फोटो पानावर लावू नये. एका माणसाच्या श्रद्धांजलीवर दुसऱ्याचा चेहरा छापला जाणं, तेही त्याच्या मुलांच्या हातात पडणाऱ्या पुस्तकात, याला शुद्धिपत्राचा उपाय नाही.

काळा-पांढरा किंवा तपकिरी पडलेला फोटोसुद्धा रंगीतच स्कॅन करावा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर (चॅनल) असतात. पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये सगळ्यात गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. नंतर फक्त लाल चॅनल ठेवला की चेहरा मोकळा होतो. ग्रेस्केलमध्ये घेतलं की ही सोय कायमची गेली. अंकात ब्लॉकने छापलेल्या फोटोंना ठिपक्यांची जाळी असते. ते कमी डीपीआयला घेतले तर लाटांसारखी नक्षी उमटते, म्हणून ६०० ला घ्यावेत आणि ‘डिस्क्रीन’ (ही जाळी पुसणारी सोय) चालू ठेवावं. खऱ्या फोटोला हेच चालू राहिलं तर डोळे-भुवया मऊ पडतात, तिथे आठवणीने बंद करावं. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवावा.

स्कॅनमधली मराठी अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्याची सोय वेगळी लागते. गुगल ड्राइव्ह किंवा टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम मराठी वाचतात, ३०० डीपीआय पुरतं. पण आकड्यांवर विश्वास नको. १ आणि ९ ची अदलाबदल सर्रास होते आणि १९११ चा १९१९ होतो. प्रत्येक साल मूळ चित्राशी ताडून पाहावं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या अंकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत. उतारा देताना ते तसेच ठेवावेत.

नीट स्कॅन केलेल्या कागदपत्रांचा खरा उपयोग कारकीर्द तपासायला होतो. घरच्यांनी सांगितलेलं ‘पुणे विद्यापीठाचे १९४५ चे पदवीधर’ हे शक्यच नाही. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्याआधी फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याला पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या त्याआधीच्या पदवीधरापुढे ते नाव लागत नाही. ‘मुख्य अभियंता’ की ‘अधीक्षक अभियंता’ हे निवृत्तीच्या आदेशावर लिहिलेलं असतं, तो ३०० ला घ्यावा. पॅन, आधार, बँकेचे तपशील असलेला भाग स्कॅनमध्ये येऊच देऊ नये.

विद्यार्थिनींच्या नोंदी सगळ्यात जास्त निसटतात. वार्षिकांकात ‘कु.’ लावून माहेरचं नाव, निधनाच्या बातमीत सासरचं. दोन्ही नावं एकत्र लावल्याशिवाय वादविवाद स्पर्धेत पहिली आलेली मुलगी आणि पुढे तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाई या एकच, हे लक्षात येत नाही. फाइलच्या नावात साल, अंक आणि पान यांच्यासोबत ही दोन्ही नावं घालावीत. मूळ प्रत टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवावी आणि छापखान्याला द्यायची जेपेग तिच्यावरून करावी. परगावच्या नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं, एरवी तो आकसतो.

लाइड ४०० थोडा वेगवान आहे, ४८०० डीपीआयचा आहे आणि त्याला यूएसबी-सी आहे. ग्रुप फोटोंसाठी १२०० च पुरत असल्याने या कामापुरतं जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. निगेटिव्ह आणि स्लाइड मात्र दोन्हींपैकी कशातच होत नाहीत, कारण झाकणात दिवा नाही. त्यांना एप्सन व्ही६०० सारखा फिल्मची सोय असलेला स्कॅनर लागतो. दहा-वीस निगेटिव्हसाठी तो घेण्यापेक्षा ते काम फोटो स्टुडिओत करून घ्यावं, आणि निगेटिव्ह परत घेताना मोजून घ्याव्यात.